‘पित्त’ झालेली माणसं गटात का दिसत नाहीत?

समजा, तुमच्या प्रस्तावाचा विषय आहे ‘मुळशी तालुक्यातील पित्ताशयाच्या रुग्णांचे स्वमदत गट आणि त्यांतील सर्वसमावेशकता’. एकाच दुखण्याची माणसं एकत्र येतात, एकमेकांना धीर देतात, काय खावं, ऑपरेशन कधी करावं ते सांगतात, असे हे गट. तुम्ही पहिल्यांदा काय कराल? गट शोधाल, सभासद मोजाल, बायका किती, पुरुष किती, कुठल्या जातीचे, किती शिकलेले याचा तक्ता कराल. बहुतेक जण हेच करतात. पण तक्ता करण्याआधी १९४६ सालचा एक लेख नक्की वाचा, कारण तोही पित्ताशयाबद्दलच आहे.

लेखक जोसेफ बर्कसन, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ. त्या काळात काही डॉक्टरांचा समज होता की पित्ताशयाची सूज आणि मधुमेह यांचा संबंध आहे. मधुमेहावर उपाय म्हणून पित्ताशय काढून टाकण्यापर्यंत काही ठिकाणी मजल गेली होती. पुरावा काय, तर हॉस्पिटलात दोन्ही आजार असलेली माणसं बरीच दिसतात. बर्कसननी विचारलं, हॉस्पिटलात दिसतात म्हणजे गावातही तेवढीच असतील का?

त्यांचं गणित सोप्या, काल्पनिक आकड्यांत मांडतो. एका भागात पित्ताशयाचे १,००० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या १०० जणांना मधुमेहही आहे, म्हणजे १० टक्के. कुठल्याही एका आजारामुळे हॉस्पिटल गाठण्याची शक्यता २० टक्के धरा. मग नुसतं पित्ताशय दुखणाऱ्या ९०० पैकी १८० जण येतील. ज्यांना दोन्ही आहे त्यांना यायला दोन दारं आहेत, त्यामुळे त्यांच्यातले ३६ येतील (दोन्ही दारं चुकण्याची शक्यता ८० टक्के गुणिले ८० टक्के, म्हणजे ६४). आता हॉस्पिटलात बसून मोजा. २१६ मध्ये ३६, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. गावात १० होते, दारातून आत येईपर्यंत १७ झाले. आजार बदललेला नाही, कोण आत आलं ते बदललं. संख्याशास्त्रात याला आजही बर्कसनचंच नाव आहे.

स्वमदत गटालाही दार असतं, आणि ते हॉस्पिटलच्या दारापेक्षा अरुंद असतं. आधी निदान व्हायला हवं, मग गट आहे हे कळायला हवं, भाषा जमायला हवी, वेळ हवा, फोनला रेंज हवी. मुळशीत हे लगेच डोळ्यांत भरतं, कारण हिंजवडीचं आयटी पार्क आणि ताम्हिणीच्या बाजूचे धनगरवाडे, कातकरी वस्त्या एकाच तालुक्यात येतात. हिंजवडीतल्या एखाद्या गटाला ‘मुळशीचा गट’ म्हणायला तांत्रिकदृष्ट्या कुणाची हरकत नाही!

मुळशीच्या इतिहासात हा प्रश्न आधीही येऊन गेलाय. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांमुळे तो आपल्याला माहीत असतो. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा जो अभ्यास केला, त्यात एक फट स्पष्ट दिसते. जमीन कसणारे मावळे एका बाजूला, आणि त्याच जमिनींवर हक्क असलेले पुण्यातले सावकार-जमीनदार दुसऱ्या बाजूला. नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा दोघांचं हित एक राहिलं नाही. ‘मुळशीचे लोक’ या दोन शब्दांत कोण कोण मावतं, हे तेव्हाही आधी ठरवावं लागत होतं.

आता भाषेकडे या, माझ्या मते खरी गोम इथे आहे. मराठीत ‘पित्त झालं’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर. ‘पित्त उठलं’ म्हणजे अंगावर गांधी, त्यावर आमसुलाचं पाणी लावायचं. ‘पित्त खवळलं’ म्हणजे राग. इतक्या पित्तांच्या गर्दीत पित्ताशयातल्या खड्यांची कळ सहज हरवते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, आणि बाई म्हणते, पित्त झालंय, उपास केला की जाईल. गंमत म्हणजे थोडा वेळ जातंही, कारण तेलकट पोटात गेलं नाही की पित्ताशय जोरात आकुंचन पावत नाही. ही बाई स्वतःला पित्ताशयाची रुग्ण समजतच नाही. मग त्या नावाच्या गटात ती येईल कशाला?

वैद्यकाच्या शिकवणीनेही यात भर घातली. गोरी, जाड, चाळिशीची, मुलंबाळं झालेली बाई, असं खड्यांच्या रुग्णाचं चित्र इंग्रजीतल्या एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलं. ते कोलेस्टेरॉलच्या खड्यांना काही प्रमाणात लागू पडतं. पण सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातून रंगद्रव्याचे खडे होतात, तेही कोवळ्या वयात. महाराष्ट्रात सिकलसेल मुख्यतः विदर्भात आणि नंदुरबारकडे, आदिवासी आणि दलित समाजांत आढळतो. तिथला पंधरा वर्षांचा किडकिडीत मुलगा या चित्रात कुठेच बसत नाही. ‘वजन कमी करा, तळलेलं सोडा’ एवढंच बोलणाऱ्या गटात तो आला, तरी त्याच्यासाठी तिथे काय आहे?

दाराबाहेर जाऊन मोजलं तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आजार वेगळा असला तरी. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यात बसून मोजलं असतं तर या बाकीच्या बायका सापडल्या नसत्या.

मोजणं एक, आत घेणं वेगळं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला त्यांनी आरोग्यावर भाषणं दिली नाहीत, व्हॉलीबॉल खेळायला बोलावलं. पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्याला सगळ्यांनाच तिथे यावं लागलं. ग्राम आरोग्य सेविका म्हणून निवडलेल्या बायकांमध्ये अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. ‘सर्वांचे स्वागत आहे’ असं फलकावर लिहून हे घडलं नसतं, बैठक कुठे भरते आणि कुणी कुणाकडे चालत जायचं यावर ते घडलं. पुण्याच्या मुक्तांगणची गोष्ट १९८६ नंतरची. व्यसनी पुरुषांसाठी सुरू झालेल्या कामात त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट निघाला. दुखणं एकाचं, पण सोसणारी दुसरीही असते, हे मान्य केल्यावर सभासद कोण याची व्याख्याच बदलली. पित्ताशयाच्या बाबतीत अजून तसा विचार फारसा दिसत नाही. ऑपरेशननंतर दोन वेगळे स्वयंपाक कोण करतं, हे विचारून बघा.

तर तुमच्या प्रस्तावात गटातल्या सभासदांच्या यादीशेजारी दुसरी यादी हवी, गटाबाहेरच्यांची. ती गटाकडून मिळणार नाही. पौडच्या आठवडी बाजारात, आशाताईंबरोबर, धरणाच्या पाण्याला वळसा घालून पलीकडच्या गावांत ती करावी लागेल. आणि प्रश्नावलीत ‘तुम्हाला पित्ताशयाचा आजार आहे का?’ हा प्रश्न पहिला ठेवू नका. विचारा, ‘मावशी, पित्त होतं तेव्हा नेमकं कुठे दुखतं? हात ठेवून दाखवा बरं.’