रिकाम्या जागेचा हक्क

वाहनतळावर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेली मोकळी जागा दिसली, की मला ब्रिटनचे खासदार आल्फ मॉरिस आठवतात. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या वडिलांचे हाल त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांच्या अशासकीय विधेयकातून १९७० मध्ये अपंगांसाठीचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी नारिंगी बिल्ला आला. २००० पासून तो निळा झाला. हा बिल्ला गाडीला नव्हे, माणसाला मिळतो. तो ज्या गाडीतून जाईल, तिला सवलत.

पण ही सवलत मुख्यतः रस्त्याकडेच्या पार्किंगची. वाहनतळाचे नियम तो चालवणाऱ्याचे. तिथं वाजवी सोय करण्याची जबाबदारी आज २०१० च्या समता कायद्यानुसार त्याच्यावर आहे. तिथली नेहमीची जागा २.४ मीटर रुंद असते. अपंगांच्या जागेशेजारी आणखी १.२ मीटरचा पट्टा आखतात. दार पूर्ण उघडून व्हीलचेअर लावायची, ती याच पट्ट्यात. ‘दोनच मिनिटं’ म्हणून कुणी तिथं स्कूटर उभी केली, तरी आतला माणूस गाडीतच अडकतो. कायदा जागा आखून देतो; ती रिकामी ठेवणं मात्र आपल्याकडेच असतं, असं मला वाटतं.