संघीय समाजमाध्यमे : मजकुराच्या प्रती अनेक, ताबा कोणाचा?

स्वतंत्रपणे चालविल्या जाणाऱ्या अनेक सर्व्हरांनी परस्परांशी मजकुराची देवाणघेवाण करून उभारलेल्या समाजमाध्यमास संघीय समाजमाध्यम म्हणतात. ई-मेलची रचना अशीच आहे. जीमेलचा खातेदार याहूच्या खातेदारास पत्र पाठवू शकतो. त्यासाठी दोघांनी एकाच कंपनीची सेवा घ्यावी लागत नाही. या प्रकारातील सर्वाधिक परिचित सॉफ्टवेअर म्हणजे जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेले मॅस्टोडॉन. ते मुक्त असल्याने कोणतीही व्यक्ती वा संस्था स्वतःचा सर्व्हर उभारू शकते. या सर्व्हरांमधील संवाद 'ॲक्टिव्हिटीपब' या प्रमाणित नियमावलीनुसार चालतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली.

मजकुराचा प्रवास

खातेदाराच्या पत्त्यात त्याचे नाव आणि सर्व्हरचे नाव असे दोन भाग असतात. दुसऱ्या सर्व्हरवरील एखादी व्यक्ती त्याची अनुयायी झाली, की त्याने लिहिलेला प्रत्येक नवा मजकूर त्या सर्व्हरकडे पाठविला जातो आणि तेथे त्याची प्रत साठविली जाते. अनुयायी शंभर सर्व्हरांवर विखुरलेले असतील, तर प्रतीही तितक्याच ठिकाणी तयार होतात. प्रत्येक सर्व्हर आपल्यापर्यंत पोहोचलेलाच मजकूर दाखवितो. त्यामुळे एकाच मजकुराखाली एका ठिकाणी दहा, तर दुसऱ्या ठिकाणी चारच उत्तरे दिसू शकतात.

नियंत्रण

प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचा चालक ठरवितो. नको असलेल्या सर्व्हरचा मजकूर तो मर्यादित करू शकतो किंवा त्याच्याशी संबंध पूर्णपणे तोडू शकतो. अमेरिकेतील 'गॅब' या वादग्रस्त संकेतस्थळाने २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर स्वीकारले, तेव्हा ते रोखण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. मात्र अनेक सर्व्हरांनी आपापल्या पातळीवर त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते निलंबित केल्यानंतर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनकडे मोर्चा वळविला. एका कंपनीच्या निर्णयापासून सुटका, हे त्यामागील आकर्षण होते. परंतु येथे कंपनीची जागा सर्व्हरचालक घेतो, हे अनेकांच्या नंतर लक्षात आले.

खासगी माहिती

खातेदाराचा ई-मेल पत्ता आणि आयपी पत्ता त्याच्या सर्व्हरकडे असतो. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश सांकेतिक कुलपात बंद नसतात. पाठविणारा आणि स्वीकारणारा या दोघांच्याही सर्व्हरचे चालक ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतात. मजकूर काढून टाकल्यास तशी सूचना इतर सर्व्हरांना जाते व बहुतेक ती पाळतात. मात्र ती पाळण्याची सक्ती करणारी यंत्रणा नाही.

हा धोका मे २०२३ मध्ये स्पष्ट झाला. अमेरिकेत एफबीआयने 'कोलेक्टिव्हा' या सर्व्हरच्या एका चालकाच्या घराची झडती घेतली. तपासाचा सर्व्हरशी संबंध नव्हता. तरीही जप्त झालेल्या साहित्यात सर्व्हरच्या माहितीसाठ्याची कुलूप नसलेली प्रत होती. हजारो खातेदारांची माहिती त्यांचा कोणताही दोष नसताना तपासयंत्रणेच्या हाती गेली.

स्थलांतर

सर्व्हर बदलताना अनुयायी नव्या खात्याकडे वळविता येतात. जुना मजकूर मात्र सोबत येत नाही. त्याची प्रत तेवढी उतरवून घेता येते. शिवाय या दोन्ही गोष्टींसाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. अफगाणिस्तानच्या '.एएफ' नावाने चालणारा 'क्वीअर.एएफ' हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान राजवटीने ते नाव निलंबित केल्यामुळे अचानक दुर्गम झाला.

या व्यवस्थेत सत्तेची विभागणी झाली असली, तरी विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो. म्हणून खाते उघडण्यापूर्वी सर्व्हर कोण चालवितो, तो कोणत्या देशात आहे, त्याचा खर्च कसा भागतो आणि बंद करण्यापूर्वी किती मुदत दिली जाईल, हे पाहावे. गोपनीय मजकूर तेथे न लिहिणे इष्ट.