उपवासाच्या ताटातील हंस, हंसाच्या ताटातील गवत

एखादा पक्षी काय खातो हा पक्षिशास्त्राचा प्रश्न. परंतु तो पक्षी शुक्रवारी खावा की नाही, हा प्रश्न मध्ययुगीन युरोपात थेट धर्मपीठापर्यंत जाऊन पोहोचला होता. वाचकांना प्रायश्चित्तकाळातील मांसवर्ज्याचा नियम ठाऊक आहेच. त्या काळी तो आजच्यापेक्षा कितीतरी कडक होता, आणि नियम कडक असला की पळवाटही तितकीच कल्पक निघते. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात काळ्या मानेच्या हंसांचे थवे उतरत आणि वसंत सरता सरता निघून जात. त्यांचे घरटे कोणी पाहिले नव्हते, अंडे पाहिले नव्हते, पिल्लूही पाहिले नव्हते. मग हे येतात कुठून? लोकांनी उत्तर शोधले. समुद्रात वाहत आलेल्या लाकडांना देठाने लोंबकळणारे कवचाचे जीव चिकटलेले असतात. त्यांतून बाहेर येणारे केसाळ तंतू पिसांसारखे दिसतात. हंस त्यांतूनच जन्मतो, असे ठरले. त्या जीवाला इंग्रजीत बार्नेकल म्हणतात, आणि हंसांच्या एका जातीलाही हेच नाव चिकटले ते आजतागायत.

वेल्सचे आर्चडीकन जेराल्ड 1185 मध्ये राजपुत्र जॉन याच्यासमवेत आयर्लंडला गेले आणि काही वर्षांतच त्यांनी त्या देशाचे वर्णन लिहिले. किनाऱ्यावरील एका ओंडक्याला असे हजाराहून अधिक जीव लोंबताना आपण स्वतः पाहिले, असे ते सांगतात. आयर्लंडच्या काही भागांत महागुरू आणि धर्मगुरू उपवासाच्या दिवशी हे हंस निःशंकपणे खातात, कारण मांसापासून न जन्मलेले ते मांस नव्हे, अशी त्यांची नोंद आहे. जेराल्ड यांना ही पळवाट मान्य नव्हती. त्यांचा प्रतिवाद मोठा मार्मिक आहे: आदामही मांसापासून जन्मला नव्हता, म्हणून कोणी आदामाची मांडी खाल्ली तर त्याने मांस खाल्ले नाही असे म्हणायचे काय? गंमत अशी की तर्क इतका धारदार, पण मूळ भाकडकथेवर त्यांचाही विश्वास होताच.

पुढे पोप इनोसंट तिसरे यांनी लॅटरन परिषदेत (1215) हा पक्षी प्रायश्चित्तकाळात खाण्यास मनाई केली, असे व्हिन्सेंट ऑफ बोव्हे यांनी त्याच 13 व्या शतकात लिहून ठेवले आहे. आम्हांला अधिक मोलाची वाटते ती डॉमिनिकन संघाच्या संत आल्बर्ट महान यांची साक्ष. हे पक्षी जोडी जमवतात, अंडी घालतात, पिल्ले वाढवतात. आपण आणि आपल्या सोबत्यांनी हे पाहिले आहे, आणि ओंडक्यातून जन्माची कथा खोटी आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. सम्राट फ्रेडरिक दुसरा यानेही उत्तरेकडून तसली लाकडे मागवून तपासली. पक्ष्याचा मागमूस त्याला दिसला नाही. घरटी फार दूर असल्याने अज्ञानातून ही कथा उपजली असावी, असा त्याचा निष्कर्ष. आणि तो तंतोतंत खरा होता. 1596 च्या उन्हाळ्यात विलेम बारेंट्स यांच्या डच खलाशांनी स्पिट्सबर्गनच्या बर्फाळ किनाऱ्यावर ‘रोटगान्स’ अंड्यांवर बसलेले पाहिले. मोहिमेचा वृत्तांत लिहिणारे खेरित द फेर आवर्जून सांगतात की हॉलंडमध्ये वीरिंगन बेटापाशी दरवर्षी विपुल पकडले जातात तेच हे पक्षी.

रोटगान्स म्हणजे ब्रेंट हंस. नाथसागरावर हिवाळ्यात येणारा आपला पट्टकादंब त्याचा दूरचा नातलग. ब्रेंट मात्र आपल्या किनाऱ्यावर येत नाही. तो सगळ्या हंसांत लहानखुरा, वजन जेमतेम दीड किलो, आणि सर्वांत अधिक समुद्राला धरून राहणारा. डोळ्यांवरील ग्रंथींतून तो जादा मीठ बाहेर टाकतो, म्हणून खारे पाणी त्याला चालते.

तो वीरिंगनलाच का येत असे? कारण तिथे समुद्रगवत होते. झोस्टेरा नावाची ही वनस्पती शेवाळ नव्हे. तिला मुळे असतात, फुले येतात, बी धरते. भरती-ओहोटीच्या खाजणात आणि उथळ पाण्यात तिची कुरणे पसरतात. हंसाला सूर मारता येत नाही. पाण्यात उलटे होऊन मान पोहोचेल तेवढेच त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे त्याचे जेवण घड्याळावर नव्हे, ओहोटीवर चालते. गायीसारखे रवंथ करणारे पोट त्याला नाही. गवतातील चिवट धागे पचवण्याची शक्ती बेताची. खाल्लेले झटपट पुढे सरकते, दर काही मिनिटांनी विष्ठा पडते, आणि दिवसभर चरतच राहावे लागते. अशा पक्ष्याला मऊ, पचायला हलके समुद्रगवत मिळणे म्हणजे हिवाळ्याची बेगमीच. शरद ऋतूत सैबेरियाच्या तायमिर द्वीपकल्पातून आलेले थवे प्रथम त्यावरच तुटून पडत. ते संपले की हिरवे शेवाळ, मग किनाऱ्यावरील खारे गवत, असा त्यांचा क्रम असे.

वीरिंगनच्या माणसांचीही या गवतावर भिस्त होती. त्यांनी शतकानुशतके ते रचून समुद्राला अडवणारे बांध घातले, वाळवून गाद्यांत भरायला विकले. माणूस आणि हंस एकाच कुरणावर जगत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग 1930-31 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रगवताच्या पात्यांवर काळपट डाग दिसू लागले. 1932 मध्ये रोग युरोपात पोहोचला. (आल्बर्ट महान यांना संतपद बहाल झाले ते 1931 साली, निसर्गाचा हा अभ्यासक त्या वर्षी असता तर खाजणातच सापडला असता.) दोन-तीन वर्षांत उत्तर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील सुमारे 90 टक्के समुद्रगवत नाहीसे झाले. रोगाचे कारण असलेल्या ‘लॅबिरिन्थुला’ या सूक्ष्म जीवाची नेमकी ओळख पटायला मात्र 1991 उजाडले. वीरिंगनवर संकट दुहेरी होते: 1932 च्या मे महिन्यात झाउडर समुद्राचे मुख 32 किलोमीटर लांबीच्या धरणाने बंद झाले. गवत गेले आणि त्याचा धंदाही गेला. अमेरिकेत या गवतावरच जगणारी एक छोटी गोगलगाय 1929 नंतर पुन्हा कोणाला दिसली नाही.

हंसांची उपासमार झाली. अमेरिकेतील ब्रेंट समुद्रातील हिरव्या शेवाळावर तगले. त्यांच्या मांसाची चव बिघडल्याची तक्रार शिकाऱ्यांनी केली. कदाचित तीच त्यांना उपकारक ठरली असेल! युरोपात 1950 च्या दशकाच्या मध्याला काळ्या पोटाच्या ब्रेंटची मोजणी झाली तेव्हा ते सुमारे 16,500 उरले होते. सारा दोष रोगाला देणे आम्हांला योग्य वाटत नाही; बंदुकीचा वाटाही मोठा होता. ब्रिटनने 1954 मध्ये आणि डेन्मार्कने 1972 मध्ये या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण दिले, त्यानंतरच संख्या झपाट्याने वाढली. मध्यंतरी लंडनचा तिसरा विमानतळ एसेक्सच्या किनाऱ्यावरील मॅप्लिन येथे बांधण्याचा घाट घातला गेला होता. वाचलेल्या समुद्रगवताचे एक मोठे कुरण नेमके तिथेच होते. 1974 मध्ये ती योजना बारगळली, पण हंसांसाठी नव्हे, मुख्यतः खर्चामुळे.

पक्षी वाढले, गवत तितके परतले नाही. 1970 च्या दशकात थवे समुद्राचा बांध ओलांडून शेतात उतरले आणि हिवाळी गव्हाचे कोवळे कोंब खाऊ लागले. ज्यांनी पहाटे आपले शेत पाखरांनी फस्त केलेले पाहिले आहे त्यांना शेतकऱ्याचा संताप समजावून सांगायला नको. समुद्राने जेवण नाकारलेल्या पाहुण्याचे पान शेतकऱ्याने एकट्याने का वाढावे? नेदरलँड्समध्ये त्यांना नुकसानभरपाई दिली जाते, काही कुरणे हंसांसाठी राखली जातात. तरी वाद मिटलेला नाही. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी काळ्या पोटाचे ब्रेंट 3 लाखांच्या घरात गेले होते. पुढे ती संख्या काहीशी ओसरली.

जेराल्ड यांच्या आयर्लंडमध्ये आज फिकट पोटाचे ब्रेंट कॅनडाच्या ध्रुवीय बेटांवरून ग्रीनलंड, आइसलंड ओलांडून येतात. ते प्रथम स्ट्रँगफर्डच्या खाडीत समुद्रगवतावर उतरतात आणि ते सरले की दक्षिणेकडे पांगतात. डब्लिनमध्ये आता ते उद्यानांत आणि खेळाच्या मैदानांवर चरताना दिसतात. तिकडे अमेरिकेत, जिथे हे गवत सर्वप्रथम मेले त्या व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत, 1999 पासून संशोधक आणि स्वयंसेवक फुलोऱ्यावर आलेल्या पात्यांतून बी गोळा करून दर शरदात उथळ पाण्यात हाताने पेरत आले आहेत. 2020 पर्यंत 7 कोटींहून अधिक बिया पेरून झाल्या होत्या, आणि 3,600 हेक्टरांवर पुन्हा कुरण उभे राहिले होते.