चाप परत का येत नाही?

मागच्या शुक्रवारी रात्री टेक्सासहून मित्राचा फोन आला. आम्ही दोघे परभणी जिल्ह्यातल्या बोरीचे, दहावीपर्यंत एकाच बाकावरचे. तो तिकडे कोड लिहितो, मी पुण्यात. त्याने पिस्तूल घेतलंय आणि इंजिनिअरच तो, लगेच त्यात हलक्या ट्रिगरचं बाहेरचं किट बसवलं. "लेका, पहिली गोळी सुटते, मग चाप मेल्यासारखा. परत येतच नाही. काय बग असेल?"

मी बंदूक हातात धरली ती फक्त एनसीसीत. तिथे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा, त्यामुळे हा प्रश्नच नाही. पण वीकएंडला वाचत बसलो आणि अडकलो.

या पिस्तुलांत गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, येताना नवी गोळी चढवते. बोट मात्र अजून चापावर दाबलेलंच असतं. मग दुसरी, तिसरी गोळी आपोआप का सुटत नाही? कारण मध्ये डिस्कनेक्टर नावाचा तुकडा असतो. स्लाइड मागे जाताना तो चाप आणि घोड्यातला दुवा तोडतो. बोट सैल सोडून चाप पुढे आला की दुवा परत जुळतो. एक दाब, एक गोळी. (आपण कीबोर्डसाठी डिबाउन्स लिहितो ना, तसंच काहीसं, फक्त पोलादात.)

जॉन ब्राउनिंगच्या नावाची ही पिस्तुलं आपल्याकडेही लवकर पोचली. 1909 साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पाठवली. त्यातल्याच एकाने 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी मारलं. शाळेत सनावळी पाठ केली, आतलं यंत्र कुणी सांगितलं नाही!

आता मित्राचा बग. चाप पुढे ढकलणारी स्प्रिंग हलकी केली, किंवा चापाचा प्रवास कमी करणारा स्क्रू जास्त आवळला, की चाप दुवा जुळण्याच्या जागेपर्यंत येतच नाही. बोरीला त्यांच्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये मिस्त्रीने दुसरीच स्प्रिंग घातली होती, तेव्हा हिरवं बटन असंच आत रुतून बसायचं. काका स्क्रूड्रायव्हरने उचकटायचे. आम्ही हसायचो.

पण इथे हसण्यासारखं नाही. रेमिंग्टन 700 या अमेरिकन रायफलच्या चापात कनेक्टर नावाचा सुटा तुकडा होता. तो कधीकधी पूर्ण जागेवर परत यायचा नाही. डिझाइन करणाऱ्या माइक वॉकरनेच 1940 च्या दशकात सुधारणा सुचवली होती, ती झाली नाही. 2000 साली माँटानात एका आईने रायफलचा सेफ्टी कॅच काढला, चापाला बोट न लावता गोळी सुटली आणि तिचा 9 वर्षांचा मुलगा गेला. कंपनी मात्र बंदुकांची निगा नीट नसते, लोक फेरफार करतात, असंच म्हणत राहिली.

न परतणारा चाप निदान दिसतो तरी. अर्धवट परतलेला दिसत नाही, तो मला जास्त भीतीदायक वाटतो.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात बदलच काय, दुरुस्तीलाही परवाना लागतो. तिकडे किट कुरियरने घरी येतं.

रविवारी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यूट्यूब बघून स्क्रू थोडा ढिला करतो." मी विचारलं, "पोरगी किती वर्षांची झाली रे?"

"चार."

मग जरा वेळ दोघंही गप्प. मंगळवारी त्याचा मेसेज आला : पिस्तूल आणि डब्यात ठेवलेले मूळचे पार्ट, दोन्ही गनस्मिथकडे देऊन आलाय.