पिंपरीची बुरशी, पाषाणचा वाण आणि जोडविकरे

१/ पिंपरी म्हटले की मोटारी आणि लेथ आठवतात. परंतु या पट्ट्यातील आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक बुरशीवर चालत असे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली ‘एच.ए.’, पेनिसिलियम टाक्यांत वाढवून पेनिसिलिन काढू लागली.

२/ बुरशीची दुसरी विद्या म्हणजे वनस्पती कुजवणे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजू लागले, आणि त्यावरून ट्रायकोडर्मा जातीची एक बुरशी हाती आली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा पिच्छा पुरवला. आजचे कित्येक औद्योगिक वाण त्या एका नमुन्याचे वंशज आहेत. तिच्या नावात रीज कायमचे राहिले.

३/ कुजवण्याचे काम विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. सेल्युलोजचा धागा तोडण्यास एकटे विकर पुरत नाही. एक मधोमध तोडते, दुसरे टोकापासून दोन-दोन शर्करांचे तुकडे काढते, तिसरे त्या जोड्या फोडून ग्लुकोज मोकळे करते. पिकांच्या काडापासून इथेनॉल बनवताना या मिश्रणाचा खर्च फार जड जातो. म्हणून विचार आला: दोन कामे एकाच प्रथिनात गुंफली तर?

४/ निसर्गाने हे आधीच केले होते. कामचाटकाच्या उष्ण झऱ्यांतील एका जिवाणूच्या ‘सेल-ए’ विकरात तोडणारे दोन भाग एकाच साखळीत आहेत, मध्ये धाग्याला चिकटणारे भाग. २०१३ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले की ते प्रचलित विकरांच्या मिश्रणाला मागे टाकते, आणि सेल्युलोजच्या पृष्ठभागावर खड्डेही खणते. मात्र अशी जोडविकरे माणसाने घडवणे सोपे नाही. प्रथिन जितके लांब, तितके ते बुरशीकडून बनवून घेणे अवघड. जोडणारा दुवा मध्येच तुटतो. दोन भागांना मानवणारे तापमानही एक असेलच असे नाही.

५/ आता पुण्याकडे वळू. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या विकरांनी उसाच्या चिपाडातून शर्करा काढण्याचे प्रयोग झाले. पुढे दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी केंद्राने याच जातीचा ‘एनसीआयएम १२२८’ हा वाण जनुकीय बदलांनी अधिक कार्यक्षम केला. ‘एनसीआयएम’ म्हणजे पाषाणचाच सूक्ष्मजीवसंग्रह! २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी या जातीच्या आणि ट्रायकोडर्माच्या विकरांचे भाग अदलून संकरित विकरे घडवली. त्यातून ट्रायकोडर्माच्या विकराची क्षमता वाढवणारे बदल सापडले. तंबू कुजवणारीचा आणि चिपाड खाणारीचा असा संयोग झाला. मला हा प्रसंग एखाद्या तहाहून रंजक वाटतो.

६/ हिंजवडीच्या प्राज इंडस्ट्रीजने दौंडजवळ काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ साली सुरू केला. तिच्याच तंत्रावर पानिपतचा भाताच्या पेंढ्याचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर. चाकणच्या मोटारी आता ई-२० पेट्रोलवर चालण्यासाठी घडवल्या जातात, पण त्या इथेनॉलचा मोठा भाग अजून ऊस आणि धान्याचाच आहे. सेल्युलेजची बाजारपेठ मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे, आणि उद्योगात आजही मुख्यतः मिश्रणेच चालतात.