धान्य वेगळं, गिरणी एक

आपल्या ऐरोली-महापे भागात कितीतरी लेकीसुना रोज संगणकावर काम करतात. प्रोग्राम लिहायच्या भाषा अनेक, पण यंत्राला कळते फक्त शून्य आणि एकची भाषा. मधला दुभाषी म्हणजे कंपायलर. आज त्याच्या इतिहासातल्या एका बाईंची ओळख करून घेऊ.

फ्रान्सिस अ‍ॅलन यांचा जन्म १९३२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी घरातला. त्या गणित शिकवत. शिक्षणाचं कर्ज फेडण्यासाठी १९५७ मध्ये आयबीएममध्ये लागल्या. कर्ज फिटलं की परत शाळेत, असं ठरवलं होतं. राहिल्या ४५ वर्षं!

तेव्हा आयबीएम 'स्ट्रेच' हा मोठा संगणक आणि गुप्त संदेश उलगडायला त्याला जोडायचं 'हार्वेस्ट' हे यंत्र बांधत होती. भाषा तीन : फोरट्रॅन, ऑटोकोडर आणि अल्फा. यंत्रं दोन. प्रत्येक जोडीला वेगळा दुभाषी म्हटलं, तर सहा करावे लागणार.

अ‍ॅलनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? आपण गहू, ज्वारी, नाचणी घरी आपापल्या रीतीनं निवडतो, पण दळायला गिरणी एकच. तसंच प्रत्येक भाषा वाचणारा भाग वेगळा ठेवला. पुढचं काम, म्हणजे फुकटची आकडेमोड गाळणं आणि यंत्राच्या सूचना तयार करणं, तिन्ही भाषांसाठी सामाईक केलं. गिरणी सुधारली की सगळ्यांचंच पीठ बारीक!

१९६१ मध्ये आलेला स्ट्रेच कबूल केलेल्या वेगाला उतरला नाही. आयबीएमला किंमत कमी करावी लागली. यंत्र मागे पडलं, कल्पना मात्र टिकली. २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी 'एलएलव्हीएम' सुरू केलं. अडवे शिकले खाडीपलीकडच्या पवईच्या आयआयटीत. आज रस्ट, स्विफ्ट अशा भाषांचं दळण याच गिरणीत होतं.

अ‍ॅलनबाईंना २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९६६ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या त्या पहिल्या महिला मानकरी. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. गिरणीतलं काम असंच, पीठ दिसतं, दळणारे हात दिसत नाहीत.

आज लेक कामावरून आली की विचारू या, 'बाळा, तू कुठल्या भाषेत लिहितेस? आणि तुझी गिरणी कुठली?'