नाकाची साक्ष

लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीला एकदा रॉकेलचा वास आला. अम्मीनं भरलेली कळशी ओतून दिली. हवाई बेटांवरच्या रेड हिलची हकीकत वाचताना तोच वास आठवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं तिथं डोंगराच्या पोटात इंधनाच्या वीस टाक्या बांधल्या. प्रत्येक अडीचशे फूट उंच. आणि टाक्यांखाली जेमतेम शंभर फुटांवर होनोलुलूचं पिण्याचं पाणी! २०१४ साली सत्तावीस हजार गॅलन इंधन गळलं. मग खडकात निरीक्षण-विहिरी खोदल्या, नमुने तपासले. भूजल कोणत्या दिशेला वाहतं यावरच वाद रंगला. नोव्हेंबर २०२१मध्ये बायाबापड्यांच्या नाकांनीच निदान केलं. नळाला इंधनाचा वास! तरी पहिल्यांदा पाणी सुरक्षितच म्हटलं गेलं. होनोलुलूनं आपली हालावाची विहीर बंद केली, ती डिसेंबरात.